अमरावतीचा अलबेला

विनोदी नटाची जीवनकथा सांगायला बसले की एक गंमत होते. ऐकणारा माणूस आधीपासूनच हसायच्या तयारीने बसतो. राजाच्या गोष्टीत राजावर संकट आले तर आपले डोळे चटकन पाणावतात. पण विदूषकावर संकट आले तर हाही त्याच्या सोंगाचाच भाग असेल, असे आपल्याला बराच वेळ वाटत राहते. म्हणूनच की काय, ज्यांनी आपल्याला पोट धरून हसवले त्यांचे दुःख आपल्या ध्यानात यायला नेहमी उशीर होतो. या दिवाळीला अशाच एका नटाची हकीगत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले. हकीगत सगळीच गोड नाही. पण फराळाच्या ताटात करंजीच्या शेजारी तिखट शेवही असतेच की!

हा नट म्हणजे भगवान आबाजी पालव. प्रेक्षकांचे मास्टर भगवान आणि चित्रसृष्टीतल्या लहानथोरांचे भगवानदादा. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीस झाला. आमचे बोरगाव मेघे वर्ध्याला अगदी लागून आहे. इथून पश्चिमेला निघून वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड सुरू होते, आणि अमरावती म्हणजे त्या वऱ्हाडातले मोठे ठाणे. तेव्हा नदीच्या अलीकडच्या माणसांनी पलीकडच्या माणसावर थोडा शेजारहक्क सांगितला तर कोणी रागावू नये. वास्तविक भगवानदादांची सारी कारकीर्द मुंबईत गेली. तरी आमच्याकडच्या एखाद्या जुन्या माणसापुढे त्यांचे नाव काढावे, तो तंबाखू मळता मळता लगेच म्हणणार, “तो का? आपल्या अमरावतीचाच हाय ना बा तो!” माणूस मोठा झाला की त्याची जन्मभूमी अशी दहा गावांना वाटून मिळते.

वडील कापडगिरणीत कामगार. मुंबईतल्या कामकरी वस्तीत हा मुलगा वाढला. भगवानने काही काळ अंगमेहनतीची कामे केली, शरीर कमावले, आणि उरलेला सारा जीव सिनेमावर लावला. तो काळ मूकपटांचा होता. मूकपटात नटाला बोलायचे नसे; भाषा शुद्ध आहे की अशुद्ध, आवाज गोड आहे की घोगरा, हे कोणी विचारीत नसे. धावता आले पाहिजे, पडता आले पाहिजे, आणि पडून हसत उठता आले पाहिजे. गिरणीकामगाराच्या मुलाला त्या दारातून आत शिरणे त्यामुळेच शक्य झाले. ‘क्रिमिनल’ या मूकपटातून त्यांनी पडद्यावर प्रवेश केला. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली आणि अनेक मूकपटनटांची वाचा बसली, भगवान मात्र टिकून राहिले. कारण त्यांचे भांडवल त्यांच्या जिभेवर नव्हते, हातापायांत होते.

नट म्हणून उभे राहत असतानाच त्यांनी दिग्दर्शनाची विद्याही उचलली. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीने त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढची दहा-अकरा वर्षे अशा चित्रपटांची रांगच लागली. हे स्टंटपट. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून त्या सुमारास ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ यांची चर्चा चाले. प्रभातची तुतारी ऐकू आली की आजीपासून नातवापर्यंत सारे घर सरसावून बसे. स्टंटपटाला असा मान नव्हता. वृत्तपत्रांतले टीकाकार त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. पण गिरणीची पाळी संपवून आलेला कामगार, हमाल, टांगेवाला, घरगडी हे सारे चार-आठ आण्यांत पिटात जाऊन बसत आणि पडद्यावर एका साध्या माणसाने जुलमी माणसाला लोळवलेले पाहून शिट्ट्यांनी छप्पर उडवीत. दिवसभर ज्याला मान खाली घालून काम करावे लागते, त्याला दोन तास मान वर करून बसायला मिळे. ही काही लहान सेवा नव्हे.

या चित्रपटांसाठी पैसा थोडा असे. तेव्हा कथा, दिग्दर्शन, अभिनय, मारामाऱ्या, इतकेच काय, नटमंडळींच्या जेवणाची व्यवस्थासुद्धा भगवानदादा स्वतः पाहत. पासष्ट हजार रुपयांत ते अख्खा चित्रपट हातावेगळा करतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा करून उड्या मारून घेण्याची चैन नव्हती आणि त्यांना तिची हौसही नव्हती. परदेशी नट डग्लस फेअरबँक्स याच्या उड्या पाहून भारलेली ही पिढी होती. पडायचे ते खरे पडायचे आणि मारायचे तेही पुष्कळदा खरेच.

या खऱ्या माराची एक दुःखद आठवण भगवानदादांच्या नावाला कायमची चिकटली आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांना ललिता पवार यांच्या मुस्कटात मारायची होती. हात जोरात लागला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्याला इजा झाली, तीन वर्षे उपचार चालले आणि डोळा अधू राहिला तो राहिलाच. येवल्याकडची ही मुलगी त्या वेळी नायिकेची कामे करीत होती. तो मार्ग तिथे संपला. पुढे त्याच अधू डोळ्यानिशी त्या बाईंनी सासू, आई, घरमालकीण अशा भूमिका अशा काही रंगवल्या की १९५९ च्या ‘अनाडी’तली त्यांची मिसेस डिसा आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेतली त्यांची मंथरा कोणाला विसरता येणार नाही. मोठेपणा त्यांचा. पण जो माणूस पुढे देशाला हसवणार होता त्याच्या हातून असे घडावे, ही नियतीची क्रूर थट्टाच म्हणायची. आपण पडद्यावर पाहतो त्या गमतीमागे केवढी जोखीम असते, याचीही यावरून कल्पना यावी.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक संगीतकार आला. पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे पुढे गाजलेले सी. रामचंद्र. संगीताचे काही शिक्षण त्यांनी आमच्या नागपुरात घेतले होते, हे इकडच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. भगवानदादांनी तमिळ भाषेतही चित्रपट केले. ‘जयक्कोडी’ आणि १९४१ चा ‘वनमोहिनी’ हे ते दोन. त्यांना संगीत दिले ते या चितळकरांनी. मराठी दिग्दर्शक, मराठी संगीतकार आणि चित्रपट तमिळ! दोघांच्या मैत्रीचा मुहूर्त असा परभाषेत लागला. पुढे १९४२ च्या ‘सुखी जीवन’ने सी. रामचंद्र हिंदी चित्रसृष्टीत संगीतकार म्हणून उभे राहिले. मित्रावर विश्वास टाकायचा तर पुरता टाकायचा, हा भगवानदादांचा स्वभाव इथे फळाला आला.

१९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’ या नावाने ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, चेंबूरला त्यांचा स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा राहिला. गिरणीकामगाराचा मुलगा आता मालक झाला. ‘मतलबी’, ‘भेदी बंगला’ असे चित्रपट निघत होते, चालत होते. तरी मनात एक सल असावाच. पिटातले प्रेक्षक डोक्यावर घेत. पण बाल्कनीत बसणारे कुटुंब अजून त्यांच्याकडे फिरकत नव्हते. अशा वेळी राज कपूर यांनी त्यांना सल्ला दिला की, मारामाऱ्या पुष्कळ झाल्या, आता एखादा सामाजिक चित्रपट काढा. हा सल्ला त्यांनी मनावर घेतला आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. राज कपूर यांचा ‘आवारा’ही त्याच वर्षीचा.

‘अलबेला’ची कथा साधी आहे. प्यारेलाल हा गरीब घरातला तरुण. घरात म्हातारे वडील, माउली, लग्नाची बहीण. आणि याच्या डोक्यात नाटकाचे वेड. नोकरी जाते, घर सुटते. रंगभूमीवर आशा नावाच्या नटीची साथ मिळते आणि प्यारेलाल नावारूपाला येतो. तो घरी पैसे पाठवतो. ते मधल्यामध्येच गडप होतात. वैभव घेऊन घरी परतावे, तो आई जगात राहिलेली नाही. अशी कथा हजार वेळा सांगून झाली असेल. पण आशा झाली होती गीता बाली, गीते होती राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्रांचे, आवाज लता मंगेशकरांचा. आणि नायकाच्या तोंडी ‘चितळकर’ नावाने स्वतः संगीतकारच गात होता. क्लॅरिनेट, ट्रंपेट, बाँगो अशा विलायती वाद्यांचा ठेका आणि त्याच चित्रपटात एक अशी अंगाई, की जिने कित्येक घरांतली बाळे निजवली. जो कुटुंबवत्सल प्रेक्षक इतकी वर्षे दूर होता, तो लेकुराबाळांसह आला. त्या वर्षीच्या सर्वांत चाललेल्या चित्रपटांत ‘अलबेला’ची गणना झाली. भगवानदादा तेव्हा अडतीस वर्षांचे होते. ठेंगणी, गुबगुबीत मूर्ती, गोल चेहरा. नायक म्हणून अशा माणसाला कोणी उभे केले नसते. त्यांनी स्वतःच स्वतःला उभे केले.

आता त्या नाचाविषयी. भगवानदादांचे नाव ज्यामुळे राहिले तो नाच म्हणजे आहे तरी काय? कोपर किंचित वाकवलेले, हात कमरेच्या आसपास सैल सोडलेले, खांदे ठेक्याबरोबर हलके झुलत आहेत आणि पाय जागच्या जागी अर्धे पाऊल पुढे, अर्धे पाऊल मागे. चेहऱ्यावर असे हसू, की जणू आत्ताच याचा पगार झाला आहे! यात कथ्थकच्या गिरक्या नाहीत की लावणीची अदाकारी नाही. कमावलेले, मारामाऱ्या केलेले शरीर असूनही कुठे उडी नाही, कसरत नाही. सारी ताकद जणू मुठीत धरून ठेवली आहे आणि चिमूटभर तेवढी बाहेर सोडली आहे. आणि ताल? त्यात केसाएवढाही फरक नाही.

वरवर पाहता वाटते, यात काय विशेष, हे तर कोणालाही जमेल. त्यांच्या प्रतिभेचे मर्म तिथेच आहे. नृत्य ही तोवर शिकलेल्याची मिरास होती. भगवानदादांनी न शिकलेल्या माणसाच्या अंगाला शोभेल असा नाच त्याच्या हाती दिला. पोट सुटलेला कारकून, खांद्यावर नांगर वाहणारा शेतकरी, गुडघे दुखणारे मामा, लाजरा नवरदेव, सर्वांना तो येतो. आमच्या भागात लग्नाची वरात निघाली, बँडवाल्याने ठेका धरला की जी पावले पडू लागतात ती पाहा. नाचणाऱ्याला भगवान पालव हे नाव ठाऊकही नसेल. पाऊल मात्र त्यांचेच असते. आमच्या वर्गातली मुले स्नेहसंमेलनात नाचतात तेव्हाही अधूनमधून तो सैल हात आणि ते अर्धे पाऊल डोकावून जाते. कलावंताचे नाव पुसले जावे आणि कला लोकांच्या अंगात मुरून जावी, हे भाग्य फार थोड्यांना मिळते.

‘अलबेला’नंतर लक्ष्मी दोन्ही हातांनी आली. जुहूला समुद्राकाठी २५ खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात वारांना सात निराळ्या मोटारी, असे त्या वैभवाचे वर्णन आजही सांगितले जाते. आम्ही पडलो सेवाग्रामच्या शेजारचे. एका पंचावर राहणाऱ्या महात्म्याची झोपडी आमच्या अंगणात. तेव्हा सोमवारची मोटार मंगळवारी का चालत नाही, हे आम्हांला उमगणे कठीण! पण ज्या माणसाने पोरवयात मजुरी केली, त्याच्या सात मोटारींकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती हौस श्रीमंताची नव्हती. गरिबीत वाढलेल्या मुलाने आपल्या जुन्या दिवसांना दिलेले ते उत्तर होते.

घात झाला तो दुसरीकडे. ‘अलबेला’ जसा जमला तसा पुन्हा जमवावा, असे त्यांना वाटले. तीच गीता बाली, तेच सी. रामचंद्र घेऊन १९५३ साली ‘झमेला’ काढला. तो बेताचाच चालला. १९५६ साली किशोरकुमारांना घेऊन ‘भागम भाग’ केला, संगीत ओ. पी. नय्यर यांचे होते. १९६६ साली ‘लाबेला’ आला. अलबेला, झमेला, लाबेला. नावांचे यमक तेवढे जुळत राहिले, नशिबाचे जुळेना. गीता बाली तर १९६५ च्या जानेवारीत देवीच्या रोगाने गेली होती.

चित्रपटाचा धंदा शेतीसारखा आहे. एक वर्ष पीक बुडाले तर घरचे बियाणे मोडावे लागते. दुसऱ्या वर्षी बुडाले तर शेत गहाण पडते. त्यातून स्वतःचा स्टुडिओ असला की चित्रीकरण असो नसो, माणसांचे पगार, दिवे, दुरुस्ती यांचा खर्च थांबत नाही. स्टंटपटांच्या काळात खर्च लहान असे, म्हणून एखादा चित्रपट पडला तरी दुसरा सावरून घेई. आता मोठे नट, मोठे संगीत, मोठे देखावे. डाव मोठा, म्हणून हारही मोठी. नाचताना ज्यांनी अर्ध्या पावलाची मर्यादा कधी सोडली नाही, ते व्यवहारात मात्र ढांगा टाकत गेले. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारीही गेल्या.

असे घडलेले भगवानदादा एकटे नव्हेत. अमेरिकेचा बस्टर कीटन हा मूकपटांच्या काळातला विनोदाचा राजा. तोही स्वतःच्या अंगावर जोखीम घेऊन जीवघेण्या करामती करी, त्याचाही स्वतःचा स्टुडिओ होता. १९२६ चा त्याचा ‘द जनरल’ अफाट खर्चून केलेला आणि तेव्हा न चाललेला. १९२८ मध्ये त्याने स्वातंत्र्य सोडून मोठ्या कंपनीची चाकरी पत्करली आणि पुढची कित्येक वर्षे लहानसहान कामांत काढली. त्याचे मोठेपण जगाला म्हातारपणी पुन्हा आठवले. आपल्याकडे राज कपूर १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’ने असेच कर्जात बुडाले, पण १९७३ च्या ‘बॉबी’ने त्यांना वर काढले. भगवानदादांना त्यांचा ‘बॉबी’ भेटला नाही.

मग सुरू झाली लहान भूमिकांची वाटचाल. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांसारख्या चित्रपटांतली त्यांची कामे तरी लक्षात राहण्याजोगी होती. पुढेपुढे मात्र पडद्यावर दोन-चार मिनिटे यायचे, ते ओळखीचे अर्धे पाऊल टाकायचे, प्रेक्षकांनी हसून टाळ्या वाजवायच्या आणि गोष्ट पुढे निघून जायची. ज्याने स्टुडिओ उभारला त्याने पडेल त्या भूमिकेत रोजंदारीवर उभे राहायचे, हे किती कठीण असेल! तरी त्या चेहऱ्यावर कडवटपणा दिसला नाही. राहायला दादरची चाळ होती. ज्या थरातून वर आले, त्याच थरात परत गेले.

त्या दिवसांतली एक गोष्ट दादरकर अजून सांगतात. गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली की थांबायची. बँडवाले ‘अलबेला’तली चाल धरायचे. ते थकलेले भगवानदादा खाली उतरून दोन पावले नाचले म्हणजेच मिरवणूक पुढे सरकायची. या गोष्टीत आम्हांला त्यांच्या आयुष्याचा खरा ताळेबंद दिसतो. बँकेचे, सावकाराचे, वितरकाचे सारे हिशेब उणे निघाले; पण चार-आठ आण्यांचे तिकीट काढणाऱ्यांशी मांडलेला हिशेब शेवटपर्यंत जमेचा राहिला. ज्यांच्याजवळ द्यायला पैसे नव्हते त्यांनी आपला गणपती क्षणभर त्यांच्या दारात थांबवला. याहून मोठे पारितोषिक कोणते?

४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दादरच्या घरीच भगवानदादांचे निधन झाले. वय ८८ वर्षांचे होते. २०१६ साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाई त्यात भगवानदादा झाले, तर विद्या बालन गीता बाली. अमिताभ बच्चन यांच्या नाचातली ती सैल, संथ लय पाहिली की तिचा उगम कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या स्टंटपटांपैकी मात्र फार थोडे आज पाहायला मिळतात. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगीने पेट घेणारी आणि नुसती ठेवली तरी कुजणारी. शिवाय पिटातल्या प्रेक्षकांचे चित्रपट जपून ठेवावेत असे फारसे कोणाला वाटलेही नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर पुष्कळ धन मातीमोल झाले होते.

हा तोटा आपल्या साऱ्यांचा आहे. थोर माणसांचे पुतळे आपण उभारतो, ते योग्यच. पण ज्यांनी दमल्याभागल्या लोकांचा शीण उतरवला त्यांची साधी आठवणही आपण नीट जपत नाही. घरात एखादे विनोदी आजोबा असतात, गावात एखादा सोंगाड्या असतो, खडी गंमतीत नाचून रात्र जागवणारा एखादा नाच्या असतो. ते असतात तोवर आपण हसतो आणि ते गेल्यावर त्यांचे पुरते नावही कोणाला सांगता येत नाही. मुलांना ती नावे सांगितली पाहिजेत. नुसती उतरत्या काळाची हळहळ म्हणून नव्हे, तर आपल्या अंगात जे मुरले आहे ते कोणाकडून आले, हे कळावे म्हणून.

तेव्हा वाचकहो, दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की वरातींचे दिवस येतील. बँड वाजू लागेल आणि कोणी तरी लाजत-मुरडत, हात सैल सोडून, अर्धे पाऊल पुढे टाकील. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या पोराला एवढेच सांगावे, “बाळ, हे पाऊल अमरावतीच्या भगवान पालवांचे आहे बरे.”